शुक्रवारी सकाळी साडेअकराची मतं : एका सिनेप्रेमी गटाचं प्रकरण

हे प्रकरण मराठी सिनेप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप गटातलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावं, व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत. ज्या चित्रपटावरून सगळं झालं त्याचं नावही दिलेलं नाही. दिग्दर्शकाचा तो पहिलाच चित्रपट होता आणि या भानगडीत त्याचा हात नव्हता. मी गटाचा जुना सदस्य आहे, ॲडमिन नाही. तिन्ही ॲडमिनशी आणि ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं त्या दादांशी नंतर सविस्तर बोलून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

गट जन्मला पुण्यात, पिफच्या, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रांगेत. महोत्सवात दोन खेळांच्या मध्ये ताटकळणारी माणसं दरवर्षी बहुतेक तीच असतात. काल कोणता पाहिलास, आज कोणता सोडू, एवढं विचारण्यापुरता तो काढला होता. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली आणि रात्री जेवणं झाली की घरोघरी एकच प्रश्न पडायला लागला : आज काय बघायचं? गट तेव्हाच्या २५६ सदस्यांच्या मर्यादेला टेकला. पुढे व्हॉट्सॲपने मर्यादा वाढवत १०२४ वर नेली, तसा तोही भरत गेला. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर, सांगली, मडगाव, इंदूर, बंगळूर, शिवाय आखाती देशांतले आणि अमेरिकेतले काही जण.

गटाची स्वतःची भाषा होती. तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. नवीन चित्रपटावर तीनच शेरे चालत : ‘जा’, ‘येऊ दे’ आणि ‘सोडा’. ‘जा’ म्हणजे तिकीट काढून थिएटरात. ‘येऊ दे’ म्हणजे ओटीटीवर येईल तेव्हा. ‘सोडा’चा अर्थ सांगायला नको.

बाहेरून पाहणाऱ्याला हे फारच ढोबळ वाटेल, पण ते चालायचं, कारण शेरा कुणाचा आहे हे सगळ्यांना माहीत असे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्या दिवशी पहिला खेळ चुकवत नाहीत. त्यांना शेवट गोड नसलेला चित्रपट सहन होत नाही. त्यांनी ‘सोडा’ लिहिलं की गटातली पंचविशीतली मुलं तिकिटं काढायला धावत. काकांनाही हे ठाऊक होतं आणि त्यांना त्याची मजा वाटे. उलट ठाण्याच्या एक संकलक बाई कधीतरीच लिहीत, पण त्यांचं ‘जा’ आलं की तो चित्रपट कुणी चुकवत नसे. हजार अनोळखी लोकांच्या सरासरीपेक्षा एका ओळखीच्या माणसाची आवड जास्त उपयोगी पडते, मग ती आपल्या आवडीच्या नेमकी उलटी का असेना. या गटाचं सगळं भांडवल एवढंच होतं.

आता शुक्रवारविषयी. छोट्या मराठी चित्रपटाचं नशीब पहिल्या तीन दिवसांत ठरतं. मल्टिप्लेक्समध्ये शो आधीच मोजके, त्यातले काही सकाळी दहाचे नाहीतर रात्री उशिराचे. शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारपासून शो कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी नवा हिंदी चित्रपट उरलेली जागा घेतो. हे दुखणं जुनं आहे. २०१५ साली राज्य सरकारने मराठी चित्रपटांना प्राइम टाइम सक्तीचा करायचं ठरवलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ असं जाहीर झालं, मग मल्टिप्लेक्सवाल्यांशी वाद होऊन प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस झाली. अशा स्थितीत ज्याला मराठी चित्रपट जगावा असं मनापासून वाटतं, त्याचा हात शुक्रवारी फोनकडे जातो. या प्रकरणात जे घडलं त्यामागे लबाडीपेक्षा ही तळमळ जास्त होती, असं माझं मत आहे. ते सगळ्यांना पटत नाही.

काय घडलं

दादा मूळचे कोल्हापूरचे, छपाईच्या धंद्यातले. पूर्वी चित्रपटांची पोस्टरं त्यांच्याकडे छापायला येत, त्यामुळे इंडस्ट्रीत ओळखी. गटातल्या सर्वांत विश्वासू शिफारसकर्त्यांपैकी ते एक. चित्रपटाची प्रसिद्धी करणाऱ्या एका संस्थेने त्यांना बुधवारच्या खास खेळाचे वीस पास दिले. दादांनी ते गटात जाहीर केले नाहीत, पुण्यातल्या निवडक सदस्यांना एकेकट्याला निरोप पाठवला. निरोपाच्या शेवटी एक ओळ होती : ‘आवडला तर शुक्रवारी सकाळी गटात चार ओळी टाका, पहिला दिवस महत्त्वाचा आहे.’ आणि त्याखाली, संस्थेकडून जसेच्या तसे आलेले, काय लिहिता येईल याचे काही मुद्दे.

शुक्रवारी साडेअकरापासून एकापाठोपाठ सात शेरे आले. सगळे ‘जा’. बुधवारचा उल्लेख एकाही शेऱ्यात नव्हता.

बारा वाजून गेल्यावर सांगलीच्या एका काकूंनी विचारलं, ‘सगळ्यांना शेवटची वीस मिनिटंच कशी काय आवडली? आणि पुण्यात पहिला शो पावणेअकराचा दिसतोय, सुटला कधी?’

काकू गटात मालिकांवर लिहितात. रोज रात्रीच्या भागात कोणती सून काय म्हणाली, कोणतं पात्र अचानक परदेशी का गेलं, कोणत्या कलाकाराला बदललं. पिफवाल्या मंडळींना हे लेखन म्हणजे करमणुकीचा विषय. काकूंच्या प्रश्नावर कुणीतरी हसण्याची इमोजी टाकली आणि गप्पा पुढे गेल्या. खरं तर प्रोमो काय दाखवतो आणि भाग काय देतो यातला फरक वर्षानुवर्षं रोज रात्री पाहणाऱ्या प्रेक्षकाइतकी जाहिरातीची पारख गटात दुसऱ्या कुणाला असायचं कारण नव्हतं.

नागपूरचे एक डॉक्टर संध्याकाळी बायको, मुलगी आणि सासूबाईंना घेऊन गेले. शनिवारी सकाळी त्यांचा संदेश आला : दोन हजार रुपये आणि महिन्यातून एकदा मिळणारी मोकळी संध्याकाळ गेली. चित्रपट वाईट नाही, ‘येऊ दे’ आहे, पण सात जणांनी ‘जा’ कसं म्हटलं? त्यावर पास मिळालेल्या पण चित्रपट न आवडलेल्या एका मुलाने दादांच्या निरोपाचा स्क्रीनशॉट गटात टाकला.

दुपारपर्यंत गट पेटला. ‘किती पैसे घेतले’ इथपासून ‘मराठी माणूसच मराठी पिक्चरचे पाय ओढतो’ इथपर्यंत सगळं झालं. संध्याकाळी काही जणांनी ठरवून तिकीट ॲपवर आणि आयएमडीबी या चित्रपटांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर सर्वांत कमी गुण द्यायला सुरुवात केली. त्यातल्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलाही नव्हता. रात्री उशिरा आखातातल्या एका सदस्याने लिहिलं, ‘इथे लागलाच नाही. कॅमेरा प्रिंट मिळालीय, लिंक टाकतोय, तिकिटाला कशाला पैसे घालवता.’ आणि टाकलीच.

निर्णयाचे टप्पे आणि पर्याय

सर्वांत सोपा निर्णय लिंकचा. ॲडमिनांपैकी एक ताई जाग्या होत्या, त्यांनी काही मिनिटांत ती सगळ्यांसाठी डिलीट केली. त्यावर एकाने वाद घातला की २०१६ मध्ये ‘सैराट’सुद्धा लीक झाला होता, तरी शंभर कोटींच्या पलीकडे गेलाच ना? हा युक्तिवाद दरवेळी निघतो आणि दरवेळी तेवढाच पोकळ असतो. गावोगाव हाउसफुल्ल चाललेल्या चित्रपटाला चोरीची प्रत पचवता आली, म्हणून जिल्ह्यात दोन शो मिळालेल्या चित्रपटाला ती पचेल असं नाही.

ताईंना मात्र वेगळी धास्ती होती : ॲडमिन म्हणून आपल्यावर काही येईल का? सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चोरून चित्रीकरण करणं आणि तशी प्रत पसरवणं याला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात म्हटलं होतं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. गटातल्या एका वकील सदस्याने हे दोन्ही समजावून सांगितलं आणि एक साधा सल्ला दिला : दिसली की काढा, काढल्याचं लिहून ठेवा, वाद घालत बसू नका.

दादांचा प्रश्न अवघड होता. शनिवारी रात्री तिघा ॲडमिनांचं बराच वेळ बोलणं झालं. पहिली सूचना अर्थातच दादांना काढून टाकण्याची. गटाचा राग बघता ती लोकप्रिय झाली असती. पण मग ज्या सात जणांनी लिहिलं त्यांचं काय? आणि उद्या दुसरं कुणी हेच करेल तेव्हा गट पुन्हा रागावण्यापलीकडे काय करणार?

दुसरी सूचना : प्रदर्शनानंतर दोन दिवस कुणीच मत द्यायचं नाही. ही हवेतून आलेली नव्हती. केरळ उच्च न्यायालयात चित्रपटांच्या ठरवून केलेल्या बदनामीवरून खटला चालला, तेव्हा न्यायमित्रांनी, म्हणजे न्यायालयाने मदतीला नेमलेल्या वकिलांनी, २०२४ साली व्लॉगरांनी पहिले ४८ तास परीक्षण टाळावं असं सुचवलं होतं. बँकवाले काका यावर भडकले. ‘मी स्वतःच्या पेन्शनीतून तिकीट काढून जातो आणि मीच तोंड बंद ठेवू?’ त्यांचा मुद्दा बिनतोड होता. शिवाय ज्या चित्रपटाला तीनच दिवस मिळतात त्याच्याबद्दल दोन दिवस गप्प बसणं म्हणजे खऱ्या कौतुकाचाही गळा दाबणं.

तिसरी सूचना तरुण ॲडमिनची : तिकिटाचा फोटो टाकेल त्याचंच मत धरायचं. रॉटन टोमॅटोज या अमेरिकी संकेतस्थळाने २०१९ साली असंच काहीसं केलं. प्रदर्शनाआधीच्या प्रेक्षक-टिप्पण्या बंद केल्या आणि तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्यांचे गुण वेगळे मोजायला लागले. त्या प्रमाणावर ते योग्य असेल, पण इथे काका खिडकीवर तिकीट काढतात आणि खेळ सुटायच्या आत हरवतात. परदेशातली मंडळी महाराष्ट्र मंडळाने ठेवलेल्या खेळाला जातात, तिथे तिकिटाऐवजी नावांची यादी असते. आणि मुख्य म्हणजे, बुधवारच्या पासधारकांनी शुक्रवारी पुन्हा तिकीट काढलं असतं तरी मूळ प्रश्न तसाच राहिला असता.

तो मूळ प्रश्न ताईंनी पकडला. खोटं कुणी बोललं होतं का? सातपैकी पाच जणांना चित्रपट खरोखरच आवडला होता. दादांना तर फारच. बिघडलं होतं ते एवढंच की वाचणाऱ्याला कोण कुठून बोलतंय हे कळलं नाही. काकांचं ‘सोडा’ वाचताना जसं आपण काका वजा करून वाचतो, तसं इथे फुकटचा पास वजा करून वाचता आलं नाही.

जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था असलेल्या ॲस्कीने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केले, त्यातही हेच तत्त्व आहे : रोख पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तूही सांगायला हवी. आमचा गट त्या नियमांच्या कक्षेत येतो असं कुणी म्हणणार नाही, पण मोजपट्टी म्हणून ती बरी होती.

काय केलं

रविवारी सकाळी ताईंनी दादांना फोन केला. गटात जाब विचारायचा नाही, आधी स्वतंत्र बोलायचं, हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय असं मला वाटतं. हजार माणसांसमोर विचारलं असतं तर दादा एक तर भांडले असते किंवा गट सोडून गेले असते.

दादांचं म्हणणं असं : ‘ताई, एक रुपया घेतला नाही. पिक्चर मला आवडला. सोमवारी शो उतरतील म्हणून पोरांना म्हटलं लिहा. यात काय चुकलं?’

ताई म्हणाल्या, ‘आवडला त्याबद्दल काही नाही, दादा. पण पास मिळालाय हे का नाही लिहिलंत?’

दादा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘लिहिलं असतं तर कुणी मानलं नसतं.’

ताईंनी त्यांना गट सोडू दिला नाही आणि माफीही मागायला लावली नाही. काय झालं ते क्रमाने लिहा, एवढंच सांगितलं. दुपारी दादांनी लिहिलं : पास कुठून आले, किती आले, कुणाला काय निरोप पाठवला. पासधारकांपैकी दोघांनी खाली आपापलं लिहिलं. बाकीचे गप्प राहिले आणि ॲडमिननी त्यांची नावं काढली नाहीत.

संध्याकाळी नवा नियम आला, एकच. कुठल्याही नव्या चित्रपटावरच्या मताची पहिली ओळ ठरलेली असेल : कुठे पाहिला, कुणाच्या पैशाने, करणाऱ्यांपैकी कुणाशी ओळख आहे का. शेरा त्यानंतर. पास, आमंत्रण, नातेवाईक, जुना सहकारी, काहीही चालेल, फक्त ते ओळीत हवं. पहिल्याच आठवड्यात नाशिकच्या एकाने लिहिलं, ‘नाशिक, शनिवार रात्र, बायकोच्या पैशाने. ओळख बायकोशीच. येऊ दे.’ नियम रुळायला त्या विनोदाची बरीच मदत झाली.

प्रसिद्धी संस्थांकडून कुणाला पास आले तर ते गटात सगळ्यांसमोर जाहीर करायचे आणि सोबत आलेला मजकूरही जसाच्या तसा टाकायचा, हेही त्याच वेळी ठरलं.

निष्पत्ती

चित्रपट सोमवारी बहुतेक ठिकाणांहून उतरला. आमच्या सात शेऱ्यांनी तो तरला नाही, आणि नंतरच्या गदारोळाने बुडाला असंही म्हणता येणार नाही. एका गटाची ताकद तेवढी नसते.

गटात मात्र फरक पडला. शुक्रवारचे शेरे कमी झाले, रविवारचे वाढले, आणि ते लांबले. पहिल्या ओळीत ‘ओळख आहे’ लिहावं लागल्यावर ठाण्याच्या संकलक बाई उलट जास्त लिहायला लागल्या. आधी सहकाऱ्यांच्या कामावर बोलणं त्यांना अवघड जात होतं. आता ओळख उघड सांगून त्या मोकळेपणाने सांगतात की अमुक प्रसंग कापायला हवा होता. काही जण कायमचे गप्प झाले. छोट्या भूमिका करणारी दोन-तीन मुलं गटात होती, त्यांना प्रत्येक वेळी ‘ओळख आहे’ लिहिणं म्हणजे कपाळावर शिक्का वाटला. नियमाची ही किंमत ॲडमिनांनी धरली नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी गट सोडला, आणि नियम आवडला असं ताईंना स्वतंत्र कळवलं. दादा काही आठवडे बोलले नाहीत, मग एकदा लिहिलं : ‘पुणे, फुकट, निर्मात्याला वीस वर्षं ओळखतो. सोडा.’ त्यावर जेवढे अंगठे उठले तेवढे त्यांच्या कुठल्याही ‘जा’ला मिळाले नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार, तब्बल एक दिवस, प्रश्न गटात पडून होता. काकूंनी नेमक्या दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं : सारखी शब्दरचना आणि शो सुटण्याआधीची वेळ. तो प्रश्न संकलक बाईंनी विचारला असता तर दहा मिनिटांत उत्तर मागितलं गेलं असतं. मालिका बघणारीने विचारला म्हणून हसण्यावारी गेला. डॉक्टरांचे दोन हजार तिथेच वाचले असते. काकूंना यावर नंतर कुणी काही म्हटलं नाही, नव्या नियमाच्या संदेशातही त्यांचा उल्लेख नव्हता. तो असायला हवा होता.

दुसरं म्हणजे कमी गुणांची मोहीम. ॲडमिननी तिच्यावर चकार शब्द काढला नाही, दादांच्या गोंधळात ती विसरलीच गेली. आयएमडीबी साधी सरासरी दाखवत नाही, भारित पद्धतीने, म्हणजे सगळ्या मतांना सारखं वजन न देता, मोजते, त्यामुळे मोठ्या चित्रपटाला अशा धाडीने फार फरक पडत नसावा. पण ज्या चित्रपटाला मुळात थोडीच मतं मिळालीत, त्याच्या पानावर न पाहता दिलेले वीस-पंचवीस ‘एक’ बराच काळ दिसत राहतात. आपल्या सदस्याने पास लपवला म्हणून शिक्षा मिळाली ती पहिला चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाला. ‘ज्यांनी न बघता गुण दिलेत त्यांनी काढून घ्या’ एवढं रविवारच्या संदेशात लिहिता आलं असतं. चार जणांनी जरी ऐकलं असतं तरी पुरे होतं.

तिसरा मुद्दा लिंकचा, आणि तो सुटलेला नाही. आखातातल्या त्या सदस्याचं म्हणणं निम्मं खरं होतं : मराठी चित्रपट तिथे क्वचित लागतो, आणि ओटीटीवर येईपर्यंत वाट बघायची तर तो तिथल्या देशात दिसेल याची खात्री नसते. ॲडमिननी लिंक काढली, पण कायदेशीर वाट दाखवली नाही. पुढे न्यू जर्सीच्या एका सदस्याने कोणत्या शहरात कुठलं मंडळ कधी खेळ ठेवतंय याची यादी करायला घेतली, ती अर्धवट आहे. लिंका आता गटात येत नाहीत, खासगी निरोपांतून फिरतात. म्हणजे चोरी थांबली नाही, फक्त आमच्या नजरेआड गेली.

पासांचा नियम पुढे एकदाच कसाला लागला. दुसऱ्या एका चित्रपटाचे पास आले, ते गटात जाहीर झाले, सोबतचे ‘मुद्दे’ही सगळ्यांनी वाचले आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. जे गेले त्यांनी पहिल्या ओळीत ‘फुकट’ लिहून मतं दिली : काही ‘जा’, बरीच ‘येऊ दे’, काकांचं ‘सोडा’. त्या संस्थेने पुन्हा पास पाठवले नाहीत.